वाचाकक्षातला हिरवा दिवा

कागदाची पट्टी हलली नाही, म्हणून मी नेहमीसारखं "पुन्हा" म्हटलं, आणि मुलगी माझ्या ओठांकडे न बघता माझ्या खांद्यामागे बघत राहिली. सहा वर्षांची पोर. आरशासमोर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, तिचे ओठ मिटलेले, गाल फुगलेले, आणि तिच्या तोंडापुढे माझ्या हातात ती बोटभर रुंदीची पट्टी. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याला आवाज दाखवावा लागतो. 'प' पट्टीवर दिसतो. 'म' नाकाला लावलेल्या बोटाला कळतो. 'ग' गळ्यावर. एकतीस वर्षांत माझ्या गळ्याला इतकी इवली बोटं लागली आहेत की मुलांनी त्यांच्या हातांच्या भाषेत माझं नावच ते ठेवलंय, गळ्यावर दोन बोटं. "पुन्हा," मी म्हटलं. मुलीने हवा गालातच ठेवली, हात उचलला आणि माझ्या मागे बोट दाखवलं. ऐकू न येणारी मुलं आपल्या आधी बघतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी वळायला उशीर केला. शिकवताना मान वळवणं मला आवडत नाही.

मागे टेबलावर शाळेचा जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पडद्यावर मुलांच्या नावांची यादी उघडी होती. ती नावं बदलत होती. वरून खाली, एकेक. प्रत्येक नावाला काहीतरी अर्थहीन अक्षरांचं शेपूट फुटत होतं, आणि नावाशेजारचं छोटं चित्र जाऊन तिथे कोरा चौकोन येत होता, ओळीने बसवलेल्या मुलांची तोंडं कुणीतरी एकेक करून भिंतीकडे फिरवावीत तसा. मी तार ओढली नाही. कळ दाबली नाही. नुसती बघत राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग एकदम आठवून मी डबीकडे पाहिलं. डबी म्हणजे ती काळी हार्ड डिस्क, कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची दुसरी प्रत ठेवायची. तिचा हिरवा दिवा चालू होता. चालू होता, आणि जोरजोरात लुकलुकत होता. माझा जीव भांड्यात पडला. एका श्वासापुरता. पुढच्या श्वासाला मला कळलं की दिवा लुकलुकतोय म्हणजे तिच्यातही कुणीतरी लिहितंय. मग पडदा काळा झाला, मधोमध एक लाल चौकट आली, तिच्यात परक्या भाषेतला मजकूर आणि खाली घड्याळ. बहात्तर तास, शून्य मिनिटं. एकाहत्तर तास, एकोणसाठ मिनिटं. मुलीने गालातली हवा सोडली, माझ्या हातातली पट्टी फडफडली, आणि तिने माझ्याकडे हसून पाहिलं.

मी तिच्या पाठीवर थाप दिली. छान, म्हटलं. तिला वर्गात पोचवून परत आले तेव्हा घड्याळातली सहा मिनिटं गेली होती. खोलीत नेहमीसारखी शांतता होती. वाचाकक्षाच्या भिंतींना जाड कापड लावलेलं आहे, खिडकीला दुहेरी काच, बाहेरचं काही आत येत नाही. आत काही येत नाही म्हणून मला ही खोली नेहमी सुरक्षित वाटत आली. त्या डबीत काय होतं ते मी कुणाला समजावून सांगू, असं उभ्या उभ्या मनात आलं. चालू वर्षाच्या अडतीस मुलांच्या श्रवणचाचण्या होत्या, कुणाच्या कानातलं यंत्र किती वाढवायचं, किती कमी करायचं त्याचे आकडे. ते पुन्हा काढता येतील, महिना-दीड महिना लागेल, मुलांचे हाल होतील, पण येतील. आणि चारशे बारा आवाज होते. या खोलीत आलेल्या प्रत्येक मुलाचा पहिला स्वच्छ शब्द. कुणाचा 'पाणी', कुणाचा 'बाबा', एका मुलीचा 'नको'. ती मुलगी आज दोन मुलांची आई आहे. आधी हे सगळं कॅसेटींवर होतं. कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा एका सुट्टीत ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं ते पेचकसने, ज्याला त्यातलं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं.

पेचकस हे त्याचं आमच्या शाळेतलं नाव. लहानपणी हाताला लागेल ती वस्तू उघडून बघायचा. पंख्याचं बटण, घड्याळ, माझ्या चष्म्याची दांडी. म्हणून मुलं त्याचं नाव हवेत काहीतरी पिळून दाखवायची, अंगठा आणि दोन बोटं. मोठा झाला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं शिकला, आणि गेली नऊ वर्षं शाळेतली सगळी यंत्रं तोच बघतो. त्या सुट्टीत तो रोज यायचा, एका हाताचा तळवा स्पीकरवर ठेवायचा आणि पडद्यावर उसळणाऱ्या हिरव्या रेषेकडे बघत बसायचा. रेषा उसळली की शब्द, सपाट झाली की संपला. एके दिवशी त्याने मला खांद्याला हात लावून बोलावलं. पडद्यावर एक लहानसा उंचवटा होता. त्याने भुवया वर केल्या. "हा मी?" त्याचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं, सवय नसलेल्याला कळत नाही. मी म्हटलं, "हो. तू. सात वर्षांचा." तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "छोटा." मी हसले. त्याला हसू आलं नाही.

मोठ्या बाई आल्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान आणि एके काळी माझ्याच हाताखाली शिकलेल्या, पण खुर्चीवर बसल्यापासून शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणते आणि मीही म्हणते. पडदा बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण मग माझ्याकडे पाहून मला खुर्चीत बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं. "बाई, तुम्ही घाबरू नका. तुमचा काय दोष?" मी पाणी प्यायले. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडात पाणी होतं, एवढंच कारण. त्यांनी पेचकसला निरोप पाठवला, तो धावतपळत आला, कुणाशी न बोलता त्याने आधी भिंतीतली इंटरनेटची तार उपटली, मग डबीची. हिरवा दिवा विझला. त्याने डबी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं मूल सगळं शिकवल्यावरही पट्टी हलवत नाही तेव्हा मी बघते तसं काहीसं. मग ती डबी खिशात घालून, मान खाली घालून तो निघून गेला, बाकीचे कॉम्प्युटर तपासायला.

कारण डबी लावून ठेवायची नाही, हे त्याने मला शिकवलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, शिकवलं होतं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून त्याने एक कागद चिकटवला होता, चित्रांचा. पहिल्या चित्रात कॉम्प्युटर आणि डबी, मधे तार. दुसऱ्यात तार काढलेली. तिसऱ्यात डबी कपाटात आणि कपाटाला कुलूप. खाली एक घर, घराच्या भिंतीला उंदरांनी पाडलेली भोकं, आणि दारात पोस्टमन, त्याच्या हातात सिमेंटची पुडी. हे त्याने मला समोर बसवून समजावलं होतं. कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात खाली एक व्यवस्था असते, ऑपरेटिंग सिस्टीम, बाकीचं सगळं तिच्यावर उभं असतं, घर जसं जोत्यावर. ती माणसांनी बनवलेली असते, म्हणून तिच्यात भोकं असतात. बनवणाऱ्यांना एकेक भोक सापडतं, ते दर महिन्याला सिमेंट पाठवतात. त्याला म्हणायचं अपडेट. आणि आपण काय करतो? त्याने पडद्यावरच्या 'नंतर' या बटणावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग मला विचारलं, "कळलं?" मी मान डोलावली. तो म्हणाला, "तुम्ही सांगा." म्हणजे मी म्हणून दाखवायचं. मुलांना कळलं की नाही हे बघायची ही माझीच पद्धत. मी म्हणून दाखवलं. तार काढायची, डबी कपाटात, कुलूप. तो खूश झाला.

पंधरा दिवस मी तसं केलं. पण या इमारतीत दिव्याचा अर्थ वेगळा आहे. आमच्याकडे घंटा वाजून उपयोग नसतो, तास संपला की वर्गातले दिवे दोनदा मिटतात. कुणी दार ठोठावलं की दारावरचा दिवा पेटतो. लहान मुलाच्या कानातलं यंत्र चालू आहे का, ते आम्ही त्यावरच्या ठिपक्याएवढ्या हिरव्या दिव्याकडे बघून ठरवतो. दिवा चालू, म्हणजे मूल ऐकतंय. दिवा बंद, म्हणजे ते एकटं पडलंय, पळा, बॅटरी बदला. एकतीस वर्षं माझे डोळे हेच करत आलेत. कपाटात बंद केलेली ती आंधळी डबी मला सहन होईना. शिकवता शिकवता नजर तिकडे जायची. सोळाव्या दिवशी मी ती परत जोडली. हिरवा ठिपका लागला, आणि मला बरं वाटलं. चार वर्षं बरं वाटत राहिलं. दुसऱ्या कुठल्या शाळेतल्या, दुसऱ्या कुठल्या कचेरीतल्या बाईने ही चूक केली नसती. तिला दिव्याचं एवढं काय?

आणि अपडेट. तेही मीच. एक मुलगा होता, पाच वर्षांचा, चौदा महिने झाले तरी त्याच्या तोंडून 'आई' फुटत नव्हता. 'आ' यायचा आणि पुढे नुसता श्वास. त्याची आई रोज त्या दुहेरी काचेपलीकडे बसायची, मांडीवर पिशवी घेऊन. एके दिवशी मला त्याच्या गळ्यावरूनच कळलं की आज येणार. मी रेकॉर्डिंग सुरू केलं, त्याचा हात माझ्या गळ्यावर, माझा त्याच्या, आणि त्याने तोंड उघडलं त्या क्षणाला पडदा निळा झाला. 'अपडेट सुरू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.' तो बोलला. स्पष्ट, दोन्ही अक्षरं, मला ऐकू आलं, आईला काचेपलीकडे त्याचे ओठ दिसले, ती उठून उभी राहिली, पिशवी पडली. आणि माझ्याकडे तो शब्द नव्हता. मी त्याला म्हणत राहिले, पुन्हा, पुन्हा, पण तो पहिला नव्हता. आई आत आली, रडत होती, मला म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, मी बघितलं ना!" तिला यंत्राशी काही देणंघेणं नव्हतं. मी मात्र संध्याकाळपर्यंत धुमसत होते. दुसऱ्या दिवशी पेचकसला बोलावलं आणि सांगितलं, हे अपडेट बंद कर, कायमचं. तो नको म्हणाला. उंदराची भोकं दाखवली. मी म्हटलं, "मी तुझी बाई आहे. मी सांगते तेवढं कर." त्याने केलं. मग दुरुस्तीच्या वहीत तारीख घालून लिहिलं, 'वाचाकक्ष. अपडेट बंद केले.' खाली सही. कुणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलं नाही. आज मी विचार करते की ते चारशे बारा आवाज कुणाचे होते? मुलांना ते ऐकू येत नव्हते. आईबाप वर्षातून एकदा ऐकायचे, रडायचे आणि घरी जायचे. रोज ऐकायची ती मी. शाळा सुटल्यावर, कुणी नसताना, एखादा. कधी दोन.

साडेबारा वाजता मोठ्या बाई ती वही घेऊन पुन्हा आल्या. पानात बोट होतं. "बाई, हे बघा. चार वर्षांपूर्वीचं. यानेच बंद करून ठेवलंय. आणि त्याने आता लिहून दिलंय की त्याच भोकातून व्हायरस शिरला, आणि घड्याळ संपेपर्यंत पैसे भरले नाहीत तर सगळं कायमचं गेलं." सहीची अक्षरं गोल होती, सुबक. ती वळणं मी गिरवून घेतलेली. "संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, सगळे पासवर्ड त्याला माहीत, आणि कडी काढून ठेवणाराही तोच. पोलिसांत तक्रार देताना त्याचं नाव घालायचं म्हणतात. सायबरवाले घेऊन जातील चौकशीला." मी विचारलं, "त्यानेच व्हायरस सोडला असं म्हणायचंय?" मोठ्या बाईंनी खांदे उडवले. "मला नाही वाटत. पण मला काय वाटतं त्याला कोण विचारतंय? तीन वाजता बोलावलंय सगळ्यांना. तुम्ही थांबाल ना? अध्यक्षांना तोंडी उत्तर हवंय, आणि त्याचं बोलणं तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही." थांबेन, मी म्हटलं. बोलायची ही दुसरी वेळ होती. आता तर तोंडात पाणीही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत यजमानांचा फोन आला. ते निवृत्त होऊन पाच वर्षं झालीत आणि दुपारी एकला फोन करून मी डबा खाल्ला का विचारणं हे त्यांचं एकमेव सरकारी काम उरलंय.

"आवाज असा का येतोय तुझा?"

"व्हायरस आला."

"कुणाला?"

"कॉम्प्युटरला."

"हात् तिच्या! मला वाटलं तुला."

मी सगळं सांगितलं. त्यांच्या मागे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. मग मी म्हटलं, "अहो, ते अपडेट मी बंद करायला लावलं होतं."

"हे कुणाला माहीत आहे?"

"त्याला. मला."

"आणि आता मला. मग तिघं गप्प बसलो की झालं."

"तो अडकेल."

"आणि तू बोललीस तर तू अडकशील. चौकशी लावतील, निवृत्तीचे कागद अडकवतील. अठरा दिवस राहिलेत गं तुझे. एकतीस वर्षं लोकांच्या पोरांना बोलायला शिकवलंस. अठरा दिवस गप्प राहून दाखव की."

"त्याला पोलिसांत नेतील. तिथे त्याचं बोलणं कुणाला कळणार?"

त्यांनी टीव्ही पुन्हा लावला आणि लगेच बंद केला. मग म्हणाले, "डबा खाल्लास का?"

"नाही."

"मग खा आधी. उपाशीपोटी खरं बोलू नये, चक्कर येते."

डबा मी उघडला नाही. कपाट उघडलं. दाराच्या आत कागद होता, कोपरे पिवळे पडलेले, चिकटपट्टी सुकलेली. नखाने जरा सोडवला तर सगळा हातात आला. घर, उंदरांची भोकं, पोस्टमन. पोस्टमनला त्याने मिश्या काढल्या होत्या, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. हा कागद सोडला तर त्याने मला बजावलं होतं याचा कुठे काही पुरावा नव्हता. फाडायला दोन सेकंद लागतात. मी असं काही करणारी बाई नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्याच वेळी कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक, आणि पर्समध्ये अगदी तळाशी सारली. ती दाखवण्यासाठी ठेवली की लपवण्यासाठी, हे पर्सची साखळी ओढताना मला खरंच माहीत नव्हतं. पडद्यावरचं घड्याळ एकोणसत्तर तासांवर आलं होतं. आरशात मी दिसत होते, माझ्या शेजारची छोटी खुर्ची रिकामी.

त्या खुर्चीवर तो सात वर्षांचा असताना बसायचा. तेव्हा या खोलीत कॉम्प्युटर नव्हता, अर्धगोल टेबल होतं, त्यावर आठ मुलांसाठी आठ हेडफोनचं एक मोठं श्रवणयंत्र. एका सकाळी आम्ही आलो तर यंत्राचं झाकण उघडं, वायरी बाहेर लोंबत होत्या, आणि तो समोर उभा होता, हातात एक नाणं. मुख्याध्यापक होते, मी होते, आणखी दोन शिक्षक. त्याचे हात सुटले. भराभर, खाली वर, यंत्राकडे, दाराकडे, पुन्हा यंत्राकडे, काहीतरी मोठी हकीकत होती ती, तिला सुरुवात होती, मध्य होता. तेव्हा शाळेचा नियम होता, हात नाहीत. हातांनी बोलू दिलं तर मूल तोंडाने कधीच बोलणार नाही, असं आम्हाला शिकवलेलं आणि मी ते मनापासून मानत होते. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि टेबलावर दाबून ठेवले. "तोंडाने," मी म्हटलं. "तोंडाने सांग." तो माझ्या ओठांकडे बघत होता. त्याला तोंडाने तेव्हा सहा-सात शब्द येत होते, तेवढेच. त्यातला एक त्याने वापरला. "मी," तो म्हणाला. आणि पुढे नव्हतं काही. मुख्याध्यापक म्हणाले, बघा, कबूल केलं. त्याला आठवडाभर खेळायला सोडलं नाही. यंत्र कुणी मोडलं ते मला आजतागायत माहीत नाही. कदाचित त्यानेच. कदाचित तो ते मोडलेलं दुरुस्त करत होता. सगळी हकीकत माझ्या तळव्यांखाली होती, ती सुटायला धडपडत होती, हे मात्र मला अजून हाताला जाणवतं. आणि त्याच महिन्यात मी त्याचा तो शब्द टेपवर घेतला. 'मी'. स्वच्छ आला होता. मला आनंद झाला होता.

तीनला पाच कमी असताना मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. अध्यक्ष आधीच बसले होते, पाइपांच्या कारखान्याचे मालक, भला माणूस, दरवर्षी मुलांना बूट देतो. पेचकस भिंतीशी उभा होता. त्याला बस म्हटलं तरी बसला नाही. टेबलावर दुरुस्तीची वही आणि तिच्यावर काळी डबी. अध्यक्षांच्या मिश्या इतक्या भरघोस की त्यांचा वरचा ओठ दिसतच नाही. ते बोलायला लागले आणि पेचकसने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही वाचता येत नव्हतं. मी पुढे सरकले. म्हणजे असं झालं की प्रश्न अध्यक्षांचे, पण ते त्याला विचारणार मी, माझ्या ओठांनी. ही व्यवस्था माझ्या लक्षात आली तेव्हा तिच्यातून निघायला वाट नव्हती.

"विचारा त्याला, हे अपडेट का काय ते, कुणी बंद केलं?"

मी त्याच्याकडे वळले. ओठ सावकाश हलवले. कुणी बंद केलं? चार वर्षांपूर्वी त्याला बंद कर म्हणणारे तेच ओठ. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. एवढ्या वेळात मला कळलं की तो ठरवतोय, आणि काय ठरवतोय तेही कळलं. मी मान हलवायला हवी होती. मान हलली नाही.

"मी," तो म्हणाला.

"हे तर मलासुद्धा समजलं," अध्यक्ष म्हणाले, आणि मोठ्या बाईंकडे बघून किंचित हसले. "का म्हणून विचारा."

का? मी ओठांनी विचारलं.

तो बोलला. पाण्याखालून आल्यासारखं, लांब, जड. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. मोठ्या बाईंनी कान पुढे केला. मला प्रत्येक शब्द कळला. तो म्हणाला होता, "माझी चूक झाली. बाईंना काही माहीत नव्हतं."

"काय म्हणाला?"

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या पर्सची साखळी माझ्याच बोटांत होती आणि मी ती मागेपुढे करत होते. जे तो म्हणाला तेच सांगायचं होतं. दुभाष्याने स्वतःचं काही घालायचं नसतं, हे कुणीही सांगेल. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, नुसते ओठ उघडायचे होते, आणि मी एकही खोटं न बोलता सुटले असते. सात वर्षांच्या मुलाचे हात माझ्या हातांखाली पुन्हा धडपडले. इतके स्पष्ट, की मी हात वर उचलले.

"बाई? काय म्हणाला तो?"

"तो म्हणाला की त्याची चूक झाली, आणि मला काही माहीत नव्हतं," मी म्हटलं. "ते खोटं आहे. अपडेट मी बंद करायला लावलं. तो नको म्हणत होता, मी त्याला दम दिला. डबी सुटी काढून कपाटात ठेवायची होती, ती मी चार वर्षं जोडून ठेवली. हे बघा." आणि मी पर्सच्या तळातून कागद काढला, घड्या उलगडल्या, टेबलाच्या कडेला ठेवला. तो पुन्हा मिटायला बघत होता. "हे त्याने मला शिकवलं होतं. माझ्याकडून म्हणूनही घेतलं होतं. तक्रारीत नाव घालायचं असेल तर माझं घाला. निष्काळजीपणा मी केला."

अध्यक्ष कागदावरच्या पोस्टमनकडे बघत होते. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, मला ठरवता आलं नाही. त्यांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. मग माझ्या बाहीला हात लागला. पेचकस. अध्यक्षांशी बोलताना माझं तोंड तिकडे होतं, त्याला काहीच दिसलं नव्हतं. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या. काय सांगितलंत?

मी त्याच्याकडे वळले. ओठ उघडले, पण ते थरथरत होते, त्या थरथरीतून कुणालाही काही वाचता आलं नसतं. म्हणून मी हात वर केले. एकतीस वर्षांत या शाळेत मी कधी हातांनी बोलले नव्हते. नियम सुटून बारा-तेरा वर्षं झाली, तरुण शिक्षिका सर्रास बोलतात, मी नाही. पण खिडकीतून मैदानावरची मुलं बघता बघता थोडं आपोआप आलं होतं, चोरून ऐकलेल्या भाषेसारखं. छातीवर बोट. मी. दोन मुठी एकमेकींवर. बंद. तोंडापासून पुढे हात. सांगितलं. मग कसं सांगू ते कळेना, म्हणून माझे दोन हात मी टेबलावर पालथे दाबले, आणि त्यांच्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं. तेव्हा. तुझे हात. त्याचा चेहरा बदलला. त्याला आठवत होतं. अर्थातच आठवत होतं. मी हात उचलले आणि चूक या शब्दाची खूण केली, जशी मुलं करतात तशी, निदान मला वाटली तशी.

"बाई, हे काय करताय तुम्ही?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"बोलतेय," मी म्हटलं.

त्याने माझा हात हातात घेतला. माझा अंगठा बाहेर राहिला होता. तो त्याने हळूच आत वळवला, बोटं त्याच्यावर नीट मिटवली, मनगट जरा वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं, मी मुलांची हनुवटी धरते तसं, घाई न करता. मग हात सोडून तो अर्धं पाऊल मागे सरला, माझ्या हाताकडे बघत थांबला.

"पुन्हा," तो म्हणाला. आणि टेबलाच्या कडेला त्या कागदाचा मिटू बघणारा कोपरा त्याच्या 'प'ने हलला.